पापडखाराची तळी

नागपुरात जरीपटक्यातल्या सिंधी घरी गेलं की पाण्याबरोबर पापड समोर येतो. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या कुटुंबांनी इथे वस्ती केली, दुकानं थाटली आणि पाहुणचाराची ही रीत सांभाळली. पापडाची चव सगळेच वाखाणतात, त्यातल्या खाराकडे कोणी पाहत नाही. पण उडदाचं पीठ लवचीक करणाऱ्या आणि पापड तळताना फुलवणाऱ्या त्या चिमूटभर पापडखाराचा माग काढत गेलं, तर आपण थेट आफ्रिकेतल्या एका तळ्याकाठी जाऊन पोहोचतो.

हा खार म्हणजे सोडियमचे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट. कारखाने येण्याआधी तो मिळवायच्या दोन वाटा होत्या. खाऱ्या जमिनीतली झुडपं जाळून सज्जीखार काढायचा, नाहीतर खारं तळं गाठायचं. सिंधमध्ये खैरपूर संस्थानाच्या वाळवंटी भागातल्या तळ्यांतून असा सोडा निघत असे. आपल्या विदर्भात होतं लोणार.

लोणारचं विवर उल्कापाताने झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही. उन्हाळ्यात ते आटलं की काठावर खाराचा थर धरे. अकबराच्या काळातल्या ‘ऐन-ए-अकबरी’त इथे काच आणि साबणाला लागणारं साहित्य मिळतं, अशी नोंद आहे. खार गोळा करणाऱ्यांनी त्याच्या प्रतीही पाडल्या होत्या: डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. इतकी नावं पडली, यावरूनच त्यांची नजर किती तयार होती ते कळतं. मला ही नावं एखाद्या शिलालेखाइतकी मोलाची वाटतात.

मग युरोपात मिठापासून सोडा करायची युक्ती निघाली. आधी लेब्लांकची, १७९१ ची; नंतर १८६० च्या दशकात सॉल्वेची, तिच्याहून स्वस्त. कारखान्याच्या सोड्यापुढे लोणारचा धंदा मावळला. १९३९ मध्ये टाटा केमिकल्स मिठापूरला उभी राहिली.

केनियातलं मगाडी तळं मात्र टिकलं, कारण तिथला साठा अफाट. नैरोबीहून दक्षिणेला न्गाँगच्या डोंगरांवरून रस्ता खचदरीत उतरतो, वाटेत ओलोर्गेसाइलीला अश्मयुगीन हातकुऱ्हाडी दिसतात, आणि मग तापलेल्या दरीच्या तळाशी गुलाबी-पांढरं तळं. शंभरेक चौरस किलोमीटरवर ट्रोना नावाच्या खनिजाचा कठीण थर पसरलेला. काठचे उष्ण झरे खारं पाणी सतत आणतात, ऊन ते आटवतं, म्हणून खोदलेली जागा पुन्हा भरू लागते. ट्रोनातही तेच दोन क्षार, कार्बोनेट आणि बायकार्बोनेट. पर्यटक जातात ते झरे आणि रोहित पक्षी पाहायला. काठचं मगाडी गाव वसलं ते सोड्यासाठी.

मगाडी सोडा कंपनी १९११ ची. तिच्यासाठी मुख्य मार्गावरच्या कोन्झापासून रेल्वेचा फाटा टाकला गेला. त्याच १९११ मध्ये दुसरा करार करून इंग्रजांनी मसाई लोकांना उत्तरेकडच्या चांगल्या कुरणांतून दक्षिणेला हलवलं. पहिला करार १९०४ चा. मगाडी या मसाईंच्याच मुलुखात आहे. तिथे जाणाऱ्याने पक्ष्यांचे फोटो जरूर काढावेत, पण ही हकिगत माहीत नसताना ते गाव पाहिलं असं मी म्हणणार नाही.

२००५ मध्ये टाटा केमिकल्सने ब्रुनर माँड ही ब्रिटिश कंपनी घेतली आणि तिच्याबरोबर मगाडीही टाटांकडे आलं. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली होती. त्यांच्या घराण्याचं नाव आता मसाईंच्या तळ्याकाठी आहे.

लोणार २००० पासून अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये रामसर स्थळ झालं. त्याच वर्षी जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या तपासणीत कारण निघालं ते खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. मगाडीचा गुलाबी रंगही अशाच जीवांचा. म्हणून नैरोबीचं तिकीट काढणाऱ्या मराठी माणसाने आधी लोणारचं विवर उतरावं. खार तळ्यात कसा साठतो ते तिथे समजेल. तो फोडून, धुऊन, भट्टीत भाजून गाडीत कसा भरतात ते मगाडीला पाहायला मिळेल.