जोडणी-तोडणी

विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला मुंबईसारख्या मोठ्या शहरांत इंटरनेट खुलं केलं, हे इतिहासात आहे. ते तोडायला कोणी, कधी सुरुवात केली, हे मात्र कोणी लिहून ठेवत नाही. म्हणून हा प्रपंच.

वणीच्या आमच्या घरात ही परंपरा इंटरनेटहून जुनी. फोनच्या गोल तबकडीला बाबा इवलंसं कुलूप लावीत. ते हापिसात गेले की मी खटका टकटक दाबून नंबर लावायचो. सात हवा, तर सात वेळा. बिल आलं की उत्खनन होई.

२००१ साली कॉम्प्युटर आला. तेव्हा मोडेम फोनच्याच तारेवर चाले. नेट सुरू असेतो बाहेरच्याला फोन एंगेज. तोडणं सोपं होतं. आतल्या खोलीतला दुसरा रिसीव्हर उचलला की खेळ खलास. आई हे चुकून करी, बाबा मुद्दाम.

एका रात्री मी तीन तास एकच गाणं उतरवीत बसलो. सकाळी पहिल्या एसटीनं यवतमाळचा आतेभाऊ दारात. "मामा, रात्री किती फोन लावले! एंगेजच येऊन राहिला होता."

आजी गेली होती.

बाबा मला एका शब्दानं बोलले नाहीत. मोडेमची वायर काढून खिशात घातली. तेरवी झाल्यावर स्वतःच पुन्हा लावून दिली.

आता चिरंजीवांची दहावी म्हणून मी राउटरला रात्री दहाची वेळ घातलीय. दहाला नेट जातं. दहा-पाचला तो आईच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असतो. टकटक तेवढी ऐकू येत नाही.