कोलोनोस्कोपी: नळीच्या टोकावरची टोपी

मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर कापलं तरी दुखत नाही. पॉलिप काढताना पेशंटला सहसा काही कळतसुद्धा नाही. दुखतं ते आतडं ताणलं गेल्यामुळे. एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

१९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल हॉस्पिटलमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी कोलोनोस्कोपमधून तारेचा फास टाकून पॉलिप काढायला सुरुवात केली. पोट न फाडता! पण वाटेत सिग्मॉइड होतं, म्हणजे डावीकडचा वळणावळणाचा, सैल भाग. तिथे नळी मागून ढकलली की टोक जागेवरच राहतं, मधल्या नळीचं वेटोळं होतं आणि आतड्याला धरून ठेवणारा पडदा ताणला जातो. त्यात रस्ता दिसावा म्हणून भरलेल्या हवेचा ताण वेगळाच.

सुरुवातीचा एक उपाय फारच सरळसोट होता. सिग्मॉइड सरळ केलं की कोलोनोस्कोपवरून एक ताठ बाह्यनळी आत सरकवायची, म्हणजे पुन्हा वेटोळं होणार नाही. मात्र दोन नळ्यांच्या फटीत अस्तर चिमटायचं, कधी आतड्याला भोकही पडायचं. हा उपाय मागे पडला.

टोपी आली ती वेगळ्याच कामासाठी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये हारुहिरो इनोउए यांनी अन्ननलिकेच्या अस्तराचा रोगट भाग ओढून कापण्यासाठी एंडोस्कोपच्या टोकाला पारदर्शक टोपी लावली. कोलोनोस्कोपीत तिचा फायदा असा, की ती टोकापुढे काही मिलिमीटर येते, त्यामुळे भिंग भिंतीला चिकटत नाही आणि घड्या बाजूला सारता येतात.

मी माझ्या वहीत बिनधास्त लिहून टाकलं होतं, ‘अटॅचमेंट म्हणजे त्रास कमी.’ सरांनी एकच विचारलं, “यातले किती पेशंट गुंगीत होते?” मी गप्प. मग २०१९ ची इंग्लंडमधली ‘अॅडेनोमा’ ट्रायल पुन्हा काढली. १७७२ पेशंट, टोकाला लवचिक बोटांसारखे दाते असलेली एंडोकफ व्हिजन. अॅडेनोमा सापडण्याचं प्रमाण ३६.२ वरून ४०.९ टक्क्यांवर गेलं, नळी आत पोचायला साधारण एक मिनिट कमी लागलं. मी तिथेच वाचायचं थांबवलं होतं. त्याच सारांशात पुढे लिहिलंय, की ज्यांना गुंगीचं औषध दिलं नव्हतं किंवा अगदी थोडं दिलं होतं, त्यांना नळी गुदद्वारातून आत जाताना कफमुळे थोडं जास्तच दुखलं.