वजनाचा काटा हलत का नाही? दीडशे वर्षांची एक गोष्ट

आजचा विषय आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातला आहे. चहातली साखर बंद झालेली असते, रात्रीचा भात गेलेला असतो, जिमची वर्गणी दर महिन्याला खात्यातून कापली जात असते. थंडीपावसात रोज चालणंही चालू असतं. तीन महिने होतात आणि वजनाचा काटा आहे तिथंच. मग घरात कुणीतरी म्हणतं, "चोरून काहीतरी खात असणार." पुण्याहून मावशीचा व्हिडिओ कॉल येतो, "तिकडचं चीज चांगलंच मानवलेलं दिसतंय हं!" ऐकणारा हसून साजरं करतो, पण मनात स्वतःलाच दोष देतो. आणि एक दिवस चालणं आणि पथ्य दोन्ही सोडून देतो.

हे सोडून देणं आपल्याला, म्हणजे भारतीय वंशाच्या लोकांना, फार महाग पडू शकतं. म्हणून आज या दोषाचाच इतिहास पाहू. 'वजन उतरत नाही म्हणजे माणूस आळशी किंवा खादाड' ही समजूत कुठून आली, आणि विज्ञानाने तिचं पुढे काय केलं?

गोष्ट सुरू होते इथेच, लंडनमध्ये. केन्सिंग्टनमध्ये विल्यम बँटिंग नावाचे गृहस्थ राहत होते. त्यांच्या घराण्याचा व्यवसाय अंत्यविधींची व्यवस्था करण्याचा. राजघराण्यातल्या अंत्ययात्रांचं काम त्यांच्याकडे असे, आणि १८५२ साली ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या अंत्ययात्रेचं कामही त्यांच्याच पेढीने केलं. बँटिंग यांची उंची पाच फूट पाच इंच. १८६२ साली, पासष्टी उलटल्यावर, त्यांचं वजन २०२ पौंड, म्हणजे जवळजवळ ९२ किलो होतं. वाकून बुटाची नाडी बांधता येत नव्हती. जिना उतरताना गुडघ्यांवर भार नको म्हणून ते उलटे, पाठमोरे उतरत.

या माणसाने प्रयत्न केले नव्हते असं मुळीच नाही. एका डॉक्टर मित्राच्या सांगण्यावरून ते पहाटे दोन-दोन तास नदीत होडी वल्हवत. त्याने अंगात ताकद आली, पण भूक अशी खवळली की वजन वाढलं. शेवटी त्याच मित्राने वल्हवणं बंद करायला सांगितलं. पोहणं, चालणं, घोडेस्वारी, वाफेची स्नानं, औषधी पाण्याच्या झऱ्यांची गावं, सगळं करून झालं. तरी वजन हटेना.

पुढे ऐकू कमी येतं म्हणून ते विल्यम हार्वी नावाच्या कानाच्या डॉक्टरांकडे गेले. हार्वी यांनी पॅरिसमध्ये क्लॉद बर्नार यांची व्याख्यानं ऐकली होती. यकृत आणि साखर यांच्या नात्यावर बर्नार यांचं मोठं काम आहे. हार्वी यांनी बँटिंगना पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे सोडायला सांगितले. मांस, मासे आणि भाज्या चालू ठेवल्या. वर्षभरात बँटिंग यांचं वजन ४६ पौंडांनी, म्हणजे सुमारे २१ किलोंनी उतरलं. १८६३ साली त्यांनी स्थूलतेविषयी जनतेला उद्देशून एक पत्र छापलं आणि ते इतकं गाजलं की 'बँटिंग करणं' म्हणजे डाएट करणं असा शब्दच रूढ झाला. स्वीडिश भाषेत आजही डाएट करण्याला 'बांटा' म्हणतात.

बँटिंगच्या पत्रात लोकांनी आहाराचा तक्ता वाचला. त्यातली दुसरी गोष्ट मात्र मागे पडली. नुसता व्यायाम वाढवला की भूकही वाढते, हे त्यांनी स्वतःच्या देहावर पाहिलं होतं आणि सरळ लिहिलं होतं.

यानंतर गोष्ट जाते अमेरिकेत. कनेक्टिकट राज्यात विल्बर ॲटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञाने १८९०च्या दशकात एक बंद खोली तयार केली. माणूस तिच्यात काही दिवस राहायचा, आणि तो काय खातो, किती उष्णता बाहेर टाकतो, याचं मोजमाप व्हायचं. एक ग्रॅम पिठूळ पदार्थात किंवा प्रथिनात सुमारे ४ कॅलरी आणि एक ग्रॅम चरबीत सुमारे ९, हा हिशेब त्यांच्याच कामातून आला. आज कुठल्याही पाकिटावर आपण वाचतो तो हाच.

हा हिशेब घराघरांत पोहोचवला लॉस एंजेलिसच्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांनी. त्यांचं पुस्तक १९१८ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना निघालं. पावाचा तुकडा खाल्ला असं म्हणू नका, शंभर कॅलरी पाव खाल्ला असं म्हणा, अशी त्यांची शिकवण होती. युद्धात अन्नाचा तुटवडा असताना अंगावर चरबी साठवणं म्हणजे साठेबाजीच, असा सूरही त्यांनी लावला. पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. कॅलरीच्या हिशेबाबरोबर नीतीचा हिशेबही घरात शिरला. ज्याचं वजन जास्त त्याचं चारित्र्य ढिलं, ही भावना तेव्हापासून आणखी घट्ट झाली.

१९५८ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर मॅक्स विश्नॉफ्स्की यांनी हे गणित आणखी सोपं केलं. एक पौंड चरबी म्हणजे ३५०० कॅलरी. रोज ५०० कॅलरी कमी खा, आठवड्याला एक पौंड उतरेल. आजही अनेक ॲपमध्ये हाच नियम दडलेला असतो. पण जरा विचार करा. हा नियम कायम लागू पडला असता तर रोज ५०० कॅलरी कमी खाणारा माणूस दोन-तीन वर्षांत हवेत विरून गेला असता! तसं होत नाही, कारण वजन उतरतं तसा शरीराचा रोजचा खर्चही उतरतो. लहान गाडीला पेट्रोल कमी लागतं, तसंच. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत भराभर उतरणारा काटा पुढे अडतो.

शरीर हा खर्च किती चतुराईने कमी करतं, हे तोवर कळलेलंही होतं. १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी एक प्रयोग सुरू केला. युद्धाने उपाशी पडलेल्या युरोपातल्या लोकांना पुन्हा कसं उभं करायचं, हे त्यांना शिकायचं होतं. शस्त्र हाती घ्यायला तत्त्व म्हणून नकार दिलेले ३६ तरुण या कामासाठी स्वतःहून पुढे आले. २४ आठवडे त्यांना रोज सरासरी १६०० च्या आतबाहेर कॅलरी दिल्या गेल्या आणि आठवड्याला २२ मैल चालायला लावलं. आकडा नीट ऐका, श्रोतेहो. आज डाएटच्या अनेक तक्त्यांमध्ये याहूनही कमी कॅलरी असतात.

त्या तरुणांचं वजन सुमारे पाव हिश्शाने घटलं. पण त्यांच्या शरीराचा विश्रांतीच्या वेळचा ऊर्जाखर्च त्याहून जास्त, सुमारे ४० टक्क्यांनी घसरला. नाडी मंदावली, त्यांना उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली. मन दुसऱ्या कशात लागेना. काहीजण तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. प्रयोग संपल्यावर त्यांची भूक काही केल्या भागेना, आणि अंगावरची चरबी आधीपेक्षा जास्त झाली. हे धट्टेकट्टे, निश्चयाचे पक्के तरुण होते. त्यांना आळशी कोण म्हणेल?

शरीराच्या लेखी डाएट आणि दुष्काळ यांत फरक नसतो. धान्य कमी येतंय एवढंच त्याला कळतं आणि ते काटकसर सुरू करतं. १९९४ साली न्यूयॉर्कच्या जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन हे संप्रेरक शोधलं, तेव्हा या काटकसरीचा एक निरोप्या सापडला. चरबीच्या पेशी लेप्टिनमार्फत मेंदूला साठ्याची खबर देतात. चरबी घटली की लेप्टिन घटतं, मेंदू भूक वाढवतो आणि खर्च आवरतो. अमेरिकेतल्या 'द बिगेस्ट लूजर' या वजन उतरवण्याच्या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांची सहा वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. २०१६ साली ती प्रसिद्ध झाली. उतरवलेल्या सरासरी ५८ किलोंपैकी ४१ किलो परत आले होते, आणि त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. सहा वर्षांनंतरही!

आता आपल्या मुलखाकडे येऊ, कारण दुष्काळ म्हटला की दख्खन आठवतंच. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात रिचर्ड टेंपल यांनी सरकारी कामांवरच्या पुरुष मजुराचं रोजचं धान्य एक पौंडावर, म्हणजे अर्ध्या किलोहून कमी, आणलं. खडी फोडणाऱ्या माणसाला एवढंच. मजुरांनी कामं सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. लंडनमध्ये बँटिंग वारले ते १८७८ साली. इथे लोक पाव कसा सोडावा ते वाचत होते, तिथे आपले पूर्वज मूठभर ज्वारी कशी पुरवावी या विवंचनेत होते.

पुण्याच्याच केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुढे एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, इथल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पुण्याची बाळं स्नायूंनी बारीक होती, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार. आयांच्या, आज्यांच्या अपुऱ्या पोषणाशी याचा संबंध असावा असं या संशोधनाचं सांगणं आहे.

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला. त्यात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे होते. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के! या बीएमआयचं सूत्र १८३० च्या दशकातलं, बेल्जियमच्या क्वेटले नावाच्या संख्याशास्त्रज्ञाचं. त्याला आजचं नाव १९७२ साली दिलं ते मिनेसोटाच्याच ॲन्सेल कीज यांनी. हे सूत्र युरोपीय लोकांच्या मोजमापांतून आलं. आपला धोका ते पुरता ओळखत नाही. म्हणून आज इंग्लंडमध्येही दक्षिण आशियाई लोकांसाठी धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ वर धरतात.

म्हणजे काटा आपल्याला दोन बाजूंनी फसवतो. बारीक माणसाला तो उगाच निर्धास्त करतो, आणि कष्ट करणाऱ्याला उगाच निराश करतो. या दुसऱ्या फसवणुकीवर उत्तर मिळालं चेन्नईत. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ लोकांचा अभ्यास केला आणि तो २००६ साली प्रसिद्ध केला. एका गटाला आहार सुधारायला आणि नियमित चालायला लावलं. अडीच-तीन वर्षांनी त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं. आणि त्यांचं वजन? त्यात म्हणण्यासारखा फरकच पडला नव्हता!

श्रोतेहो, आजच्या गोष्टीतलं हे सगळ्यात मोलाचं. काटा हलला नाही तरी चालणं आणि पथ्य वाया गेलेलं नसतं. स्नायू साखर जास्त चांगली वापरू लागतात, आणि हे वजनकाट्यावर दिसत नाही.

मग पाहायचं काय? कमरेला टेप लावा. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा, हा सोपा नियम. पुरुषांनी ९० सेंटिमीटर आणि बायकांनी ८० सेंटिमीटर ही रेषा लक्षात ठेवावी. जीपीकडून रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी करून घ्या. रक्तदाबही पाहा. चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा वजनं उचलणं किंवा उठाबशा ठेवा, कारण आपल्याकडे कमी पडतात ते स्नायू. ताटात डाळ, उसळ, दही, अंडी, मासे यांना भातापेक्षा मोठी जागा द्या. आणि सगळं नीट करूनही वजन वाढतच असेल, तर थायरॉईड, पीसीओएस, घोरण्यामागचा झोपेचा आजार, आणि चालू असलेली औषधं यांविषयी डॉक्टरांना विचारा. स्टेरॉइड, इन्शुलिन आणि मनाच्या आजारावरच्या काही गोळ्यांनी वजन वाढतं. औषध स्वतःहून मात्र बंद करू नका.

आता भूक आवरणारी नवी इंजेक्शनंही आली आहेत. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, पण औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. ती घ्यायची की नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. पण भुकेचा निरोप बदलला की वजन उतरतं आणि निरोप पूर्ववत झाला की परत येतं, यावरून एवढं तरी समजावं की हा केवळ मनाच्या निश्चयाचा प्रश्न नव्हता.

म्हणून घरात कुणाचा काटा अडला असेल, तर "किती उतरलं?" हे विचारणं या आठवड्यापुरतं थांबवून पाहा. त्याऐवजी "चल, मीही येते चालायला" असं म्हणा. आणि मावशीचा फोन आला, की तिलाही कमरेला टेप लावायला सांगा. ती बारीक असली तरीसुद्धा!

पुन्हा भेटू पुढच्या भागात. तोवर सांभाळून राहा. नमस्कार.