माइकेनचं पत्र



आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी छत्तीसगडमध्ये धमतरीला नर्सिंग शिकते. दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, "आमचा दवाखाना मेनोनाइट लोकांनी काढलाय." हे मेनोनाइट कोण, ते आमच्यात एकीलाही ठाऊक नव्हतं. मग आम्ही शोधाशोध केली.

गोष्ट पाचशे वर्षांपूर्वीची, युरोपातली. १५२५ साली स्वित्झर्लंडच्या झुरिक शहरात काही ख्रिस्ती माणसांनी ठरवलं, की बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा नाही. माणसाला कळायला लागलं आणि त्यानं स्वतः होकार दिला, तरच द्यायचा. पुढे त्यांच्यातल्या पुष्कळांनी हत्यार हाती धरायचं नाही, असंही ठरवलं. त्या काळी कोणी कोणता धर्म पाळायचा हे राज्य ठरवायचं. त्यामुळे हा गुन्हा झाला आणि कितीतरी माणसांना जाळलं, बुडवलं. नेदरलँड्सचे मेनो सिमन्स १५३६ मध्ये आपलं पाद्रीपण सोडून या लोकांना मिळाले. त्यांच्या नावावरून हे मेनोनाइट.

अँटवर्प शहरात माइकेन वेन्स नावाची बाई होती. नवरा गवंडीकाम करायचा आणि प्रवचनही सांगायचा. १५७३ साली तिला पकडलं. तुरुंगातून तिनं आपल्या थोरल्या मुलाला, आद्रियानला, पत्र लिहिलं. नंतर तिला जाळलं, तेव्हा लोकांशी बोलता येऊ नये म्हणून तिची जीभ लोखंडी स्क्रूनं आवळली होती. आद्रियान धाकट्या भावाला घेऊन तिथे गेला होता. ते बघवेना, तो बेशुद्ध पडला. सगळं संपल्यावर त्यानं राखेतून तो स्क्रू शोधून काढला आणि जपून ठेवला.

हे आपल्याला कळलं कसं? तर पत्रं जपली म्हणून. १६६० साली व्हान ब्राख्त यांनी अशी पत्रं आणि हकिकती एकत्र करून मोठा ग्रंथ छापला, 'हुतात्म्यांचा आरसा'. त्यात बायकाही पुष्कळ आहेत. मात्र हा ग्रंथ त्यांच्याच माणसानं लिहिलेला. म्हणून अभ्यास करणारे तो कोर्टाच्या जुन्या दप्तराशी ताडून बघतात. एका बाजूचं ऐकून इतिहास होत नाही.

छळामुळे ही माणसं देशोदेशी पांगली. काही रशियात गेली, काही अमेरिकेत. अमेरिकेतले मिशनरी १८९९ साली, दुष्काळाच्या दिवसांत, धमतरीला आले. तो मुलूख तेव्हा मध्य प्रांतात होता आणि त्याची राजधानी आपलं नागपूर.

आणखी जाणून घ्यायचं असेल, तर मोबाईलवर मेनोनाइटांचा विश्वकोश फुकट वाचता येतो. तो इंग्रजीत आहे, शिकलेल्या लेकीसुनेला वाचून सांगायला लावा. धमतरीकडे कोणी नात्यातलं असेल, तर तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदवह्या असतात.

शेवटी आम्ही आमचंच रजिस्टर उघडलं. बचत, कर्ज, व्याज, अंगठे, सगळं होतं. पण गट काढताना कोणाच्या घरातून विरोध झाला, पहिलं कर्ज कोणी कशासाठी घेतलं, यातलं एक अक्षर नाही. सांगणाऱ्या दोघी तर आता राहिल्या नाहीत. म्हणून आम्ही वहीची मागची पानं त्यासाठी राखली आहेत. येत्या बैठकीत तुम्हीही सुरुवात करा. सगळ्यात वडील बाईला आधी बोलू द्या आणि लिहिणारीनं तारीख घालायला विसरू नका.