हडपसरची दिवाळी

वाकडहून हडपसरला पोहोचेपर्यंत आज जीव मेटाकुटीला येतो. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, तिथे मराठेच मराठ्यांशी लढले. दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिले होते. भाऊ यशवंतराव हिशेब मागायला आले आणि शिंदे-पेशव्यांना हरवून बसले. वर्गात मुले विचारतात, "सर, मुसलमान कुणाकडे होते?" दोन्हीकडे, बेटा! अमीरखान पठाण तर यशवंतरावांचा जिवलग साथीदार.

पेशवा पळाला, ३१ डिसेंबरला वसईत इंग्रजांशी तह केला. १८०३ मध्ये शिंदे-भोसले इंग्रजांशी भिडले, तेव्हा महत्त्वाकांक्षी यशवंतराव बाजूला राहिले. माझ्या मते हीच त्यांची मोठी चूक. १८०४ मध्ये ते स्वतः उतरले, तोवर शिंदे तह करून मोकळे झाले होते.