ढालीची आतली बाजू



आपल्या बीड जिल्ह्यात, गोदातीरी राक्षसभुवन येथे, १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला व त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर तेथे पडला. सेनापतींची नावे आपल्याला पाठ आहेत. परंतु त्यांच्या ढाली, म्याने, खोगिरे, पखाली कोणी केल्या?

मी कामगार संघटनेचा माणूस, शाळा बेताचीच. फुरसतीत जुन्या धर्तीच्या ढाली करण्याचा मला छंद आहे. म्हशीचे जाड कातडे भिजवून साच्यावर ताणतो व वाळवतो. ढालीवरील चार फुले शोभेची वाटतात. पण मुठीचे पट्टे ज्या कड्यांत अडकतात, ती कडी आतून याच फुलांना जखडलेली असतात. बाहेरची शोभा आतल्या बळकटीसाठी आहे, हे मला पुस्तकाने नव्हे, हाताने शिकविले.

बीडची चामड्याची छागल आणि गुप्ती एके काळी नावाजलेली होती. इंग्रजी अमदानीच्या गॅझेटियरात त्यांची नोंद आहे. कारागिराचे नाव नाही. कातडे कमावणारा ढोर आणि ते शिवणारा चांभार यांच्यावाचून फौजेचे पाऊल हलत नव्हते. गावात मात्र त्यांचे घर वेशीबाहेर!

म्हणून संग्रहालयात ढाल पाहाल तेव्हा तिची आतली बाजूही पाहा. आणि बाजारात चपला शिवणाऱ्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करताना त्या ढालीची आठवण ठेवा, एवढीच विनंती.