भाजलं किती वाजता?

जळीत वॉर्डात मी सव्वीस वर्षं काढली. पेशंट आला की नातेवाइकांना माझा पहिला प्रश्न ठरलेला: "भाजलं किती वाजता?" नाव-गाव नंतर. भाजलेल्या अंगातून पाणी झिरपत जातं आणि सलाइनचा हिशोब भाजल्या क्षणापासून धरतात, दवाखान्यात पोचल्यापासून नाही. ५० किलोची बाई ४० टक्के भाजली, तर चार मिलिलिटर गुणिले पन्नास गुणिले चाळीस. २४ तासांत ८ लिटर. त्यातलं निम्मं पहिल्या ८ तासांत. भोकरदनहून जीप मिळायलाच चार तास गेले, की उरलेल्या चारांत चार लिटर चढवायचं.

मराठवाड्याला हे गणित कायमच जड गेलं. १९५६ पासून घाटी, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे, म्हणून जालना-बीडचीच काय, बुलढाण्याकडची माणसंही औरंगाबादचा रस्ता धरत आली. माझ्या उमेदवारीत बहुतेक बायका 'स्टोव्हच्या भडक्याने' भाजून यायच्या. कागदावर 'स्टोव्ह' लिहिलं गेलं की आम्ही सिस्टर एकमेकींकडे बघायचो, बोलायचं कुणी नाही. नायब तहसीलदार जबानी घ्यायला यायचे, सासू दाराशी उभी असायची. पुढे घरोघर गॅस आला, स्टोव्ह माळ्यावर गेले. तरी वॉर्ड काही रिकामा झाला नाही.

मग २०२० उजाडलं. मी निवृत्त होऊन औरंगाबादेतच हडकोत घरी होते. मास्क आणि गाऊनचं लोकांना केवढं अप्रूप! आम्ही ते आधीपासून घालत होतो, पण आपल्या अंगावरचे जंतू पेशंटच्या उघड्या जखमेत जाऊ नयेत म्हणून. आता पेशंटचीच भीती. त्यात भाजलेल्याला ताप येतो, धाप लागते, म्हणजे कोरोनाचीच लक्षणं. स्वॅब घ्या, रिपोर्टची वाट बघा. नियोजित शस्त्रक्रिया राज्यभर थांबल्या. ज्यांना आखडलेली बोटं, मानेचे व्रण मोकळे करून घ्यायचे होते, त्यांनी थांबायचं.

घरात भाजण्याची नवीच कारणं निघाली. सॅनिटायझर हातावर ओला असताना गॅस पेटवणं हे एक. दुसरा वाफारा. शहरात १० ते १८ जुलैचा कडक लॉकडाऊन होता, तेव्हा गल्लीतल्या एका पोराच्या मांडीवर वाफेचं पातेलं उलटलं. आई त्याला माझ्याकडे घेऊन आली ती तिसऱ्या दिवशी. जखमेवर टूथपेस्टचा वाळलेला थर.

"दवाखान्यात का नाही नेलंत?"

"मावशी, तिकडे नेलं आणि कोरोना लागला तर?"

मी रागावले नाही. ती पेस्ट भिजवून सोडवायला तासभर लागला, आणि पोरगं सबंध तासभर माझं मनगट धरून होतं. मग मीच त्यांच्याबरोबर रिक्षात बसले. व्रण राहिला.

भाजलं तर वीस मिनिटं नळाखाली धरा, साधं पाणी, बर्फ नको. पेस्ट नको, शाई नको, तूप नको. निघताना भाजल्याची वेळ चिठ्ठीवर लिहून घ्या. तिथली सिस्टर आधी तीच विचारेल.